आजी की आजीची बहीण? पुयीलाच्या सांगाड्याचं प्रकरण

गाडीतलं इंधन संपलं नसतं तर पुयीला या सीलच्या प्राचीन नातेवाइकाचं हे प्रकरणच उभं राहिलं नसतं.

२००७ चा उन्हाळा. कॅनडाच्या पार उत्तरेला, नूनावुत प्रदेशातलं डेव्हन बेट. क्षेत्रफळ पंचावन्न हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जवळपास पंधरा गोवे बसतील, लोकसंख्या शून्य. झाड नाही, झुडूप नाही, नुसता करडा मुरूम आणि वारा. ओटावाच्या कॅनेडियन म्युझियम ऑफ नेचरमधल्या जीवाश्मतज्ज्ञ नतालिया रिब्चिन्स्की यांचा छोटा चमू तिथे हाडं शोधत हिंडत होता. फिरायची चारचाकी मोकळी गाडी वाटेतच बंद पडली, कारण टाकी कोरडी. इंधन येईपर्यंत करायचं काय? चमूतली एक तरुण सहायक तिथल्या तिथे रेंगाळत पायानं माती उकरत राहिली आणि त्या मातीतून एक हाड वर आलं.

एका हाडानं काही ठरत नसतं. पण त्याच्या शेजारी दुसरं होतं, मग तिसरं. बघता बघता एकाच प्राण्याचा निम्म्याहून जास्त सांगाडा हाती आला. पुढच्या उन्हाळ्यात, २००८ मध्ये, चमू पुन्हा त्याच जागी गेला आणि मेंदूभोवतीचा कवटीचा राहिलेला भागही मिळाला. एकूण सुमारे ६५ टक्के सांगाडा. जीवाश्मांच्या धंद्यात ही लॉटरी आहे. कित्येक जातींची नावं एखाद्या जबड्याच्या तुकड्यावर किंवा दोन दाढांवर ठेवलेली असतात.

एप्रिल २००९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात रिब्चिन्स्की, मेरी डॉसन आणि रिचर्ड टेडफर्ड या तिघांनी हा प्राणी जगापुढे ठेवला. नाव ‘पुयीला डार्विनी’. पहिला शब्द इनुइट लोकांच्या इनुक्टिटुट भाषेतला: समुद्री सस्तन प्राण्याचं पिल्लू, बहुतेक वेळा सीलचं. रोमन लिपीत त्यात ‘जे’ अक्षर येतं, म्हणून आपल्याकडे ‘पुइजिला’ असंही वाचलं जाईल. उच्चार मात्र ‘य’च्या अंगानं जातो. दुसरा शब्द कुणासाठी ते उघड आहे. २००९ हे डार्विनच्या जन्माचं दोनशेवं वर्ष होतं, पण नाव नुसतं वर्ष गाठून ठेवलेलं नव्हतं. निव्वळ जमिनीवरचा प्राणी आधी उथळ पाण्यात, मग ओढ्यांत-तळ्यांत अधूनमधून भक्ष्य शोधायला लागला, तर शेवटी तो खुल्या महासागराला तोंड देण्याइतका जलचर होऊ शकेल, अशा अर्थाचं डार्विननं लिहून ठेवलं होतं. ओढा, तळं, समुद्र. हा क्रम लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

बातम्यांत लगेच ‘सीलचा पूर्वज सापडला’, ‘चालणारा सील’, ‘हरवलेला दुवा’ सुरू झालं. हे प्रकरण मी वर्गात दरवर्षी शिकवतो, ते या मथळ्यांसाठीच. मुलांना आधी मथळा वाचायला देतो, मग सांगाड्याची आकृती देतो आणि विचारतो, ही आजी आहे की आजीची बहीण? पहिल्या तासाला सगळे हात ‘आजी’ला वर येतात.

खड्डा

आधी जागा समजून घेऊ, कारण या प्रकरणात जागेला प्राण्याइतकंच वजन आहे.

हाड मिळालं ते हॉटन विवरात. अशनी आदळून झालेला हा खड्डा, सुमारे २३ किलोमीटर रुंद. मराठी माणसाला यासाठी लांबचं उदाहरण शोधायला नको, लोणार आहे. बुलढाणा जिल्ह्यातलं आपलं विवर जेमतेम १.८ किलोमीटरचं, पण घटना तीच: वरून दगड आला, खड्डा पडला, खड्ड्यात पाणी साचलं. लोणारमध्ये ते पाणी अजून आहे, खारं आणि अल्कधर्मी. हॉटनचं तळं गोडं होतं आणि कधीच आटून गेलं. मागे उरले गाळाचे थर. त्या थरांत मासे, पक्षी, चिचुंदरीच्या आणि सशाच्या गोतातले लहान प्राणी, हरणासारखा एक छोटा खूरवाला आणि चक्क गेंडा सापडतो. गेंड्याचा सांगाडा मेरी डॉसन यांनी १९८६ मध्येच तिथून आणला होता. त्याचं बारसं व्हायला २०२५ उजाडलं. त्याच्या नावातला ‘इत्जिलिक’ हा शब्दही इनुक्टिटुटच, अर्थ ‘हिमकणांनी माखलेला’.

परागकण आणि वनस्पतींचे अवशेष सांगतात की तळ्याभोवती सूचिपर्णी आणि रुंद पानांची मिश्र झाडी होती. आज तिथे गुडघ्याएवढं रोप उगवत नाही. पण बेट तेव्हाही जवळपास याच अक्षांशावर होतं, ७५ अंश उत्तर. हवा कितीही सौम्य असली तरी पृथ्वीचा कल सुटत नाही: उन्हाळ्यात सूर्य मावळायचा नाही आणि हिवाळ्यात तीनेक महिने उगवायचा नाही. त्या काळोखात तळं गोठत असणार.

या उजाड मुलखाचा आजचा उपयोगही सांगण्यासारखा आहे. १९९७ पासून तिथे मंगळावर जायच्या तालमी चालतात. जिथे मंगळाचा सराव करतात तिथेच सीलच्या नातेवाइकानं मासे मारले, हे मला दरवेळी गमतीचं वाटतं.

हाडं काय सांगतात

नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सुमारे ११० सेंटिमीटर. लांबट अंग, लांब शेपूट, चार धड पाय. पहिल्या नजरेला कुणीही पाणमांजरच म्हणेल. गोव्यातल्या चोडणच्या खारफुटीत किंवा सिंधुदुर्गातल्या एखाद्या खाडीत ज्यांनी पाणमांजर पाहिलं आहे, त्यांच्या डोळ्यांपुढे जे चित्र येईल ते फारसं चुकीचं नाही. फरक बारकाव्यांत आहे. पुयीलाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं, जबडा दणकट, पुढच्या पायांची हाडं जाड आणि स्नायू चिकटायच्या जागा ठळक.

आता बोटांची हाडं जवळून पाहू. कुत्र्याच्या बोटातलं हाड उभं कापलं तर काप बऱ्यापैकी गोल दिसतो. धावताना भार वरून खाली येतो, त्याला गोल खांब बरा. पुयीलाची बोटांची हाडं मात्र वरून-खालून चपटी आहेत. पाण्यात पाय मागे रेटताना बोटं फाकतात आणि त्यांच्यामधली कातडी पाण्याला अडवते. अशा पंजाची हाडं चपटी होत जातात. म्हणून संशोधक म्हणतात, पंजे पडदेवाले असावेत. ‘असावेत’ हा शब्द महत्त्वाचा. कातडी स्वतः काही दगडात उतरलेली नाही. चित्रकारानं रंगवलेल्या पुयीलाच्या पायात जो पडदा दिसतो तो हाडाच्या चपटेपणावरून काढलेला तर्क आहे. चांगला तर्क आहे, पण तर्क.

दुसरी खूण डोळ्याच्या खाली. वरच्या जबड्यात, डोळ्याच्या खोबणीच्या पुढे, एक भोक असतं. त्यातून मिशांकडे जाणारी नस आणि रक्तवाहिन्या बाहेर पडतात. बोटानं आपल्या डोळ्याखालचं हाड चाचपलं तर आपल्यालाही तिथे छोटा खळगा लागतो. पुयीलामध्ये हे भोक मोठं आहे, सीलांमध्ये असतं तसं. मोठं भोक म्हणजे जाड नस, जाड नस म्हणजे मिशांना जास्त संवेदना. गढूळ किंवा काळोख्या पाण्यात मासा गेला की मागे पाण्याचा जो भोवरा उठतो, तो आजचे सील मिशांनी हुंगतात म्हटलं तरी चालेल. तीन महिन्यांच्या रात्रीत हे साधन किती मोलाचं, हे सांगायला नको.

आता पोहण्याची तऱ्हा. आजच्या सीलांच्या गोतात तीन घराणी आहेत: खरे सील, समुद्रसिंह-फर सील यांचा गट, आणि एकटा उरलेला वॉलरस. तिघांना मिळून पिनिपेड म्हणतात, म्हणजे पंखासारख्या पायांचे. (आपल्याकडे अजून लोक ‘सील मासा’ म्हणतात. पिल्लाला दूध पाजणारा मासा!) खरा सील पोहतो तो मागच्या वल्ह्यांनी, डावीकडे-उजवीकडे झोके देत; जमिनीवर त्याला ते मागचे पाय पुढे वळवताच येत नाहीत, म्हणून बिचारा पोटावर सरपटतो. समुद्रसिंह पोहतो पुढच्या वल्ह्यांनी, पक्षी पंख मारतो तसा. आणि जमिनीवर चारही पायांवर चालून दाखवतो. एकाच गोतात इतक्या उलट्या तऱ्हा कुठून आल्या, हा जुना प्रश्न. पुयीलाच्या पायांत यांपैकी एकाही तऱ्हेची विशेष तयारी नाही. पुढचे-मागचे दोन्ही पाय दमदार आणि बहुधा दोन्ही पडदेवाले, म्हणजे हा चारही पायांनी पोहत असणार. ज्याला चारही येतात त्याच्या वंशात पुढे एकानं पुढचे ठेवले, एकानं मागचे, हे समजायला सोपं जातं.

टेडफर्ड यांचं मत

या तीन लेखकांतलं एक नाव मला या प्रकरणाचा कणा वाटतं: रिचर्ड टेडफर्ड, न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमधले.

विसाव्या शतकात बराच काळ एक मत जोरात होतं की पिनिपेड हे एक कुटुंब नाहीच. समुद्रसिंह आणि वॉलरस आले अस्वलाच्या बाजूनं, खरे सील आले पाणमांजराच्या बाजूनं. दोन वेगळी कुळं वेगवेगळ्या समुद्रांत उतरली आणि पाण्यानं दोघांनाही एकाच साच्यात घातलं. आज हे ऐकून हसू नये. वर सांगितलेला पोहण्यातला फरक पाहिला की मत अगदी शहाणपणाचं वाटतं. १९७६ मध्ये टेडफर्ड यांनी स्वतः याच बाजूनं मांडणी केली होती, आणि फ्रान्समध्ये ढिगानं सापडणाऱ्या पोटॅमोथेरियम या पाणमांजरासारख्या जीवाश्माला सीलांच्या शेजारी बसवलं होतं.

उलट पुरावा दोन वाटांनी आला. व्हिन्सेंट सॅरिच यांनी १९६९ मध्येच रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनाची तुलना करून तिन्ही घराणी एकत्र असल्याचं दाखवलं होतं. हाडंवाल्यांनी तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही. मग १९८७ मध्ये अँड्रे वाइस यांनी वॉलरसच्या कानाच्या भागातली हाडं तपासून तेच म्हटलं, आणि आता हाडंवाल्यांचीही पंचाईत झाली. पुढे डीएनएचे निकाल एकामागून एक येत गेले. कुळ एकच. जवळचे भाऊबंद म्हणून बहुतेक डीएनए अभ्यास वीझल, पाणमांजर, रॅकून यांच्या मोठ्या गोताकडे बोट दाखवतात. मात्र याचा अर्थ सील पाणमांजरापासून आले असा होत नाही. पाणमांजर हे त्या गोतातलं पुढे जन्मलेलं एक लेकरू. पुयीलाचं त्याच्याशी दिसणारं साम्य सारख्या धंद्यामुळे आलेलं. कोळ्याचे आणि नावाड्याचे दंड सारखे दिसतात, म्हणून ते सख्खे भाऊ ठरत नाहीत.

२००९ च्या लेखात पुयीला बसला तो या एकाच कुळाच्या बुंध्याशी, पोटॅमोथेरियमच्या जवळ. आणि त्या लेखावर नाव होतं टेडफर्ड यांचं. तेहतीस वर्षांपूर्वी ज्यांनी दोन कुळं मांडली, त्यांनीच एका कुळाच्या लेखावर सही केली. २०११ मध्ये ते गेले. मुलांना मी हे आवर्जून सांगतो, कारण पाठ्यपुस्तकात मतं असतात, मत बदललेली माणसं नसतात.

फोटोतली अडचण

आता मुद्द्याचं. पुयीला पूर्वज का म्हणता येत नाही?

कारण टेडफर्ड यांच्याच जुन्या कामात आहे. १९७३ मध्ये एडवर्ड मिचेल आणि टेडफर्ड यांनी कॅलिफोर्नियातल्या कर्न काउंटीमधल्या पिरॅमिड हिल इथल्या जीवाश्मांवरून एक प्राणी वर्णिला: एनालिआर्क्टोस, म्हणजे समुद्री अस्वल. १९८९ मध्ये अ‍ॅनालिसा बेर्टा, क्लेटन रे आणि वाइस यांनी त्याचा जवळपास पूर्ण सांगाडा ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केला. हा प्राणी अजून जुन्या वळणाचा आहे. त्याच्या दाढा कातरीसारख्या मांस कापायच्या आहेत, ज्या आजच्या सीलांनी सोडून दिल्या. पण त्याचे चारही पाय वल्ही झालेले आहेत. पॅसिफिकच्या खाऱ्या पाण्यात राहणारा, पुढची-मागची दोन्ही वल्ही वापरणारा, खराखुरा पिनिपेड. आणि त्याचा काळ? ऑलिगोसीन या भूकालखंडाचा शेवट ते त्यानंतरच्या मायोसीनची सुरुवात, दोन-सव्वादोन कोटी वर्षांपूर्वी आणि त्याच्याही आधीपासून.

२००९ च्या लेखात पुयीलाचा काळ दिला होता मायोसीनची सुरुवात, २ ते २.४ कोटी वर्षांपूर्वी.

म्हणजे डेव्हन बेटाच्या तळ्यात पुयीला चार पायांनी पाणी मारत होता, तेव्हा तिकडे कॅलिफोर्निया-ऑरेगनच्या किनाऱ्यावर वल्हीवाले भाऊबंद आधीच पोहत होते. नातीच्या लग्नाच्या फोटोत आजी परकर-पोलक्यात उभी असावी, तसं हे झालं. त्यावर रिब्चिन्स्की आणि सहकाऱ्यांचं उत्तर सरळ होतं, आणि त्यांच्या लेखात ते स्पष्ट आहे: पुयीला हा थेट पूर्वज नाही, जुनं शरीर तसंच जपून ठेवलेली, मागे राहिलेली एक फांदी आहे. खेड्यात राहिलेल्या आजीच्या बहिणीकडे बघून आजी तरुणपणी कशी दिसत असेल, कशी बोलत असेल याचा अंदाज बांधावा, तितका पुयीला उपयोगी. तितकाच. मथळे लिहिणाऱ्यांनी हे वाक्य वाचलं नाही, किंवा वाचून सोडून दिलं.

देवमाशांची गोष्ट या बाबतीत नशीबवान. त्यांच्या जमिनीवरच्या नातलगांची मालिकाच भारत-पाकिस्तानच्या खडकांतून मिळाली. अगदी इंडोहायस हा छोटा खूरवाला प्राणीही, जो ए. रंगा राव यांनी जम्मूच्या कालाकोट भागातून गोळा केलेल्या खडकांत दडलेला होता आणि २००७ मध्ये देवमाशांचा निकटचा आप्त म्हणून पुढे आला. सीलांकडे अशी पायरीपायरीची शिडी नव्हती. वल्हीवाल्या एनालिआर्क्टोसच्या आधी एकदम अंधार. म्हणून पुयीला आला तेव्हा मंडळी इतकी हरखली, आणि त्यात काही चूक नव्हती.

पण खड्ड्याचं वय?

इथे प्रकरण पुन्हा गुंतागुंतीचं होतं.

पुयीला ज्या गाळात सापडला तो गाळ खड्ड्यातल्या तळ्याचा. खड्डा आधी, गाळ नंतर. म्हणजे खड्ड्याचं वय कळलं तर पुयीलाच्या वयाची वरची मर्यादा कळते. सोपं वाटतं. प्रत्यक्षात हॉटनचं वय वेगवेगळ्या पद्धतींनी वेगवेगळं आलं. पूर्वीपासून सुमारे २.३ कोटी हा आकडा चालत होता. २००५ मध्ये दुसऱ्या एका मोजणीत ३.९ कोटी आलं. २०१३ मध्ये हेलियम वायूवर आधारलेल्या पद्धतीनं पुन्हा २.३५ कोटीच्या आसपास. २०२१ मध्ये आघातानं पुन्हा स्फटिकलेल्या खनिजांच्या कणांवरून ३.१ कोटी. एका खड्ड्याला तीन वाढदिवस!

लोणारचा अनुभव असणाऱ्याला याचं नवल वाटू नये. लोणारचं वय एका पद्धतीनं सुमारे ५२ हजार वर्षं आणि आर्गॉनच्या पद्धतीनं २०११ मध्ये सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. अकरापट फरक. आघातात खडक वितळतो, पण पूर्ण वितळत नाही. जुन्या खडकाचे तुकडे जुनंच घड्याळ घेऊन आत राहतात, तर नंतर मुरलेलं गरम पाणी काही घड्याळं पुन्हा शून्यावर आणतं. कोणतं खनिज निवडलं यावर उत्तर हलतं.

आता हे आपल्या आजीच्या बहिणीला लावून बघा. खड्डा २.३ कोटी वर्षांचा असेल तर पुयीला एनालिआर्क्टोसच्या जुन्या नमुन्यांहून धाकटाच. मागे राहिलेली फांदी. पण खड्डा ३.१ कोटी वर्षांचा असेल आणि तळं आघातानंतर लगेच भरून गाळ साचायला लागला असेल, तर पुयीला वल्हीवाल्यांच्या आधीचा निघू शकतो. तेव्हा धाकटी बहीण थोरली होते. तरीही ती आजी होत नाही, एवढं लक्षात ठेवलं पाहिजे. पूर्वज ठरायला नुसतं वय पुरत नाही, शरीरातल्या खुणाही जुळाव्या लागतात. गेंड्यावरच्या २०२५ च्या कामात मात्र हा गाळ मायोसीनच्या सुरुवातीचाच, २.३ कोटींच्या आसपासचा धरला आहे. तळ्यातल्या प्राण्यांचा मेळही त्या काळाशी बसतो. माझं स्वतःचं झुकतं माप त्याच बाजूला आहे, कारण आघात आणि गाळ यांच्यामध्ये किती काळ गेला हे खड्ड्याच्या वयावरून कळत नाही, तर त्या गाळातले प्राणी थेट त्या गाळाचेच आहेत.

गोठलेलं तळं

वयाचा घोळ तसाच ठेवून एक गोष्ट सांगता येते, आणि ती मला या सगळ्या प्रकरणातली सर्वात मोलाची वाटते. पुयीला समुद्रात सापडला नाही. तळ्यात सापडला.

तोपर्यंत पिनिपेडांचे जुने जीवाश्म किनाऱ्यावरचे, खाऱ्या पाण्यातले होते. उगमाचा शोध उत्तर पॅसिफिकच्या काठाकाठानं चालत असे. पुयीलामुळे दोन नवे खुंटे ठोकले गेले: एक आर्क्टिक, दुसरा गोडं पाणी. रिब्चिन्स्की यांनी त्याला जोडून एक कारणही सुचवलं. ध्रुवीय हिवाळ्यात उथळ तळी वरून गोठतात. तळ्यातल्या माशांवर जगणाऱ्या प्राण्यापुढे दोनच वाटा: उपाशी राहणं, किंवा बर्फावरून चालत समुद्र गाठणं, जो उशिरा गोठतो किंवा गोठतच नाही. ज्याला चालताही येतं आणि पोहताही येतं त्यालाच हे जमणार. वर्षातून काही महिने समुद्र, पिढ्यान्‌पिढ्या. पुढे समुद्रच घर होतो.

डार्विनच्या क्रमात ओढा आणि तळं समुद्राच्या आधी होतं, ते इथे जुळतं. त्यानं ‘का’ सांगितलं नव्हतं. गोठणारं तळं हे एक संभाव्य ‘का’ आहे. सिद्ध झालेलं नाही. पुयीला हिवाळ्यात समुद्राकडे चालत गेला याचा एकही पाऊलठसा कुणाकडे नाही. (बैकल सरोवरातला आजचा गोड्या पाण्यातला सील याचा पुरावा म्हणून कुणी पुढे केला तर ऐकू नका; तो समुद्रातून परत गोड्यात गेलेला आहे, उलटा प्रवास.)

मिशांच्या मुद्द्याला मात्र २०२३ मध्ये दुसरीकडून बळ मिळालं. पोटॅमोथेरियमच्या कवटीच्या आतल्या पोकळीचा साचा काढून जॉर्ज लिरास आणि सहकाऱ्यांनी त्याच्या मेंदूची घडी तपासली. तोंडाकडून, मिशांकडून येणारी संवेदना हाताळणारा मेंदूचा भाग त्यात फुगलेला दिसला. म्हणजे पुयीलाच्या या युरोपीय भाऊबंदानंही वल्ही फुटायच्या आधी मिशांनी शिकार शोधायला सुरुवात केली असावी. पाय नंतर बदलले, डोकं आधी.

सगळे मान्य करतात असं नाही. काही अभ्यासकांनी पुयीला आणि पोटॅमोथेरियम दोघांनाही पिनिपेडांच्या पंगतीतून उठवून पुन्हा पाणमांजर-वीझलच्या बाजूला बसवायचा आग्रह धरला आहे, आणि त्यांच्या हातात दात आणि कानाची हाडं आहेत. २०२० मध्ये रायन पॅटरसन यांनी रिब्चिन्स्की, नाओकी कोहनो आणि हिलरी मॅडिन यांच्यासह हाडं आणि डीएनए एकत्र घालून मोठं विश्लेषण केलं. पुयीला बुंध्याशीच राहिला, पण त्यातून एक जुनी शंका नव्या वेषात डोकावली: कुळ एक असलं तरी सील आणि समुद्रसिंह यांनी समुद्रातलं जगणं वेगवेगळं कमावलेलं असू शकतं. टेडफर्ड यांचं १९७६ चं मत चुकलं, पण पूर्ण वाया गेलं नाही, असं म्हणायला जागा आहे.

दात

दुसऱ्या तासाला मी मुलांना विचारतो, हा वाद मिटवायचा तर काय हवं? ‘डीएनए’, असं उत्तर लगेच येतं. दोन कोटींहून जुन्या हाडात डीएनए टिकत नाही. मग वर्ग गप्प होतो.

तेव्हा मी गेंडा पुन्हा बाहेर काढतो. २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये एक शोधनिबंध आला. हॉटनच्याच त्या गेंड्याच्या दाताच्या कवचातून, म्हणजे एनॅमलमधून, मूळ प्रथिनांचे तुकडे मिळाले, आणि तेही असे की गेंड्यांच्या वंशवृक्षात त्याची जागा ठरवता आली. कवच कठीण आणि बंदिस्त, वर आर्क्टिकची थंडी. दोन कोटींहून जास्त वर्षं त्या कपाटाचं दार उघडलं गेलं नव्हतं. त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक रायन पॅटरसन. तेच, २०२० च्या सीलवाल्या विश्लेषणाचे.

त्याच खड्ड्यातला, त्याच थंडीत राहिलेला पुयीला ओटावाच्या संग्रहात आहे, नूनावुतच्या नोंदवहीत क्रमांक ४०५. जबड्यात दात आहेत. गेंड्याच्या दाढेच्या मानानं त्यांचं कवच अगदी पातळ, आणि नमुना काढायचा तर ते खरवडावं लागेल. असा सांगाडा जगात एकच आहे.